रास्पुतिन: बुवा मोठा, की महालातलं गुपित मोठं?

दौत-टाक (धागाकर्ता)

रास्पुतिनचं नाव निघालं की आधी त्याचे डोळे येतात, मग विष घातलेले केक, मग गोळ्या, मग गोठलेली नदी. या सगळ्या मसाल्यात साधा प्रश्न बाजूलाच राहतो. सैबेरियातल्या पोक्रोव्स्कोये गावचा एक शेतकरी. जेमतेम अक्षरओळख, अंगावर कुठलं पद नाही, चर्चची दीक्षा नाही. हा माणूस रोमानोव्हांच्या, म्हणजे रशियाच्या राजघराण्याच्या, दिवाणखान्यात अकरा वर्षं टिकला कसा?

(त्याला सर्रास 'वेडा मंक', म्हणजे मठातला संन्यासी, म्हणतात. तो मंक कधीच नव्हता. बायको होती, तीन मुलं होती, गावी घर होतं.)

जन्म १८६९चा. तिशीच्या आसपास वेर्खोतुर्येच्या मठाची यात्रा केली आणि माणूस बदलला. दारू-मांस सोडलं, गावोगाव भटकू लागला. तेव्हाच्या रशियात असे घरदार सोडून तीर्थं करणारे हजारो होते, त्यामुळे यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. राजधानी पीटर्सबर्गला आल्यावर धर्मविद्यापीठातल्या फेओफान यांच्यासारख्या विद्वान, सच्च्या धर्मगुरूंनी त्याला जवळ केलं. मिलित्सा आणि अनास्तासिया या माँटेनिग्रोच्या दोन राजकन्या रोमानोव्ह घराण्यात दिलेल्या होत्या. गूढविद्येचा दोघींना भारी नाद. त्यांच्यामार्फत तो थेट राजघराण्यापर्यंत पोचला. १४ नोव्हेंबर १९०५ला (तारखा मी नव्या कॅलेंडरच्या देतोय, रशियातलं तेव्हाचं कॅलेंडर १३ दिवस मागे होतं) झार निकोलसने रोजनिशीत लिहिलं की तोबोल्स्क प्रांतातल्या ग्रिगोरी (हे रास्पुतिनचं पहिलं नाव) नावाच्या देवमाणसाची ओळख झाली. वर्ष लक्षात घ्या. जपानकडून मार खाल्लेला, जानेवारीत राजधानीत निःशस्त्र मोर्च्यावर गोळीबार झालेला, आणि या भेटीच्या जेमतेम दोन आठवडे आधी झारला लोकांना संसद देण्याचं वचन द्यावं लागलेलं. पायाखालची जमीन सरकत असताना 'खरी रशियन जनता अजून आपली आहे' असं सांगणारा एक अस्सल शेतकरी समोर बसलाय.

पण एवढ्यावर त्याचं भागलं नसतं. असे देवमाणूस येत आणि जात. हा राहिला, कारण युवराज अलेक्सेईला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, होता.

१९१२च्या शरदात राजघराणं पोलंडमधल्या स्पाला इथे शिकारीच्या मुक्कामाला होतं. आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीत आणि जांघेत रक्तस्राव सुरू झाला. पोर दिवसरात्र कण्हतंय, आणि खाली पाहुण्यांची सरबराई चालू. स्विस शिक्षक पिएर जिलियार यांनी एक प्रसंग नोंदवून ठेवलाय. एका संध्याकाळी राजकन्यांनी पाहुण्यांसमोर छोटं नाटक केलं. राणी अलेक्झांड्रा पहिल्या रांगेत, हसतखेळत. नाटक संपल्यावर जिलियार मागच्या बोळात गेले, तर आतून मुलाचं कण्हणं ऐकू येत होतं. तेवढ्यात राणी दोन्ही हातांनी झगा उचलून धावत आली आणि त्यांच्याकडे न बघता पुढे गेली. चेहरा पार उतरलेला. थोड्या वेळाने ती परत पाहुण्यांत, तोंडावर तेच हसू.

अखेर मुलाला शेवटचा धर्मसंस्कारही दिला गेला. राणीने पोक्रोव्स्कोयेला तार करवली. उत्तर आलं: देवाने तुझे अश्रू पाहिले, लहानगा मरणार नाही, डॉक्टरांना त्याला फार छळू देऊ नका. त्यानंतर रक्तस्राव थांबला.

आता माझा मुद्दा. हा आजार जनतेला कधीच सांगितला गेला नाही. युवराज आजारी असल्याची पत्रकं निघाली, पण आजाराचं नाव त्यांत नव्हतं. त्यामुळे हा माणूस महालात का येतो, याचं खरं आणि माणुसकीचं कारण लोकांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी स्वतःची कारणं बनवली. राणीचा यार, जर्मनीचा हेर, सैतान. रास्पुतिनचा अर्धा दरारा या अफवांनी उभा केला असं मला वाटतं. उरलेल्या अर्ध्यावर चर्चा होऊ दे.

---

आडगल्ली

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

खडूस मास्तर

लेखन छान, पण बुवाला फारच स्वस्तात सोडलंत. अफवांनी त्याला मोठा केला म्हणे! राजधानीतला गोरोखोवाया रस्ता, घर क्रमांक ६४. तिथल्या जिन्यावर सकाळपासून रांग लागायची. कुणाला ठेका हवा, कुणाला बढती, कुणाला मुलाची आघाडीवरून सुटका. साहेब आत चहा पीत बसलेले. मर्जी झाली की कागदाच्या चिटोऱ्यावर वर क्रूस काढायचा आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात 'प्रिय, एवढं करून टाक' अशा अर्थाच्या दोन ओळी. कुणासाठी, काय करायचं, काही नाही. चिठ्ठी घेऊन माणूस थेट मंत्र्याच्या दारात. कित्येक मंत्री ती चिठ्ठी बघून काम करायचे. अफवा चिठ्ठ्या लिहीत नाहीत.

शिवाय रांगेतल्या बायकांचं काय होई, ते गुप्त पोलिसांनी लिहून ठेवलंय. ओख्रानाची माणसं त्या जिन्यावरच बसवलेली होती. नोंदीत थोडा तिखटमीठ धरला तरी जे उरतं ते साधुत्वात बसत नाही.

---

दौत-टाक

मास्तर, चिठ्ठ्या खऱ्याच. पण मंत्री ती चिठ्ठी का मानायचा? त्याला वाटायचं की नाही मानली तर राणीपर्यंत जाईल. कित्येकदा ती तिथवर जाणारच नव्हती. हेच म्हणतोय मी. आणि त्याला मी साधू म्हटलेलं नाही हो. चिठ्ठ्या फाडून टाकणारे अधिकारीही होते आणि त्यातल्या सगळ्यांचं काही वाकडं झालं नाही.

---

तळटीप

रास्पुतिनच्या आधीचा अंक विसरू नका, त्याशिवाय हा अंक कळत नाही. ल्याँचा एक फ्रेंच गृहस्थ, निझिए फिलिप. वैद्यकीची पदवी नाही, तरी हात ठेवून रोग बरे करण्याबद्दल प्रसिद्ध. त्यालाही त्याच माँटेनिग्रोच्या बहिणींनी दरबारात आणलेलं. राणीला चार मुली झालेल्या, गादीला मुलगा हवा. याने मुलगा होणार असा भरवसा दिला. १९०२मध्ये राणीला दिवस गेल्याची लक्षणं दिसली, सगळी तयारी झाली, आणि कळलं की गर्भ नव्हताच. बोभाटा झाला, शेवटी त्याला मायदेशी परत पाठवावं लागलं. १९०५मध्ये तो वारला. पुढे राणी त्याची आठवण श्रद्धेनेच काढायची.

त्याच वर्षी रास्पुतिन आला. म्हणजे जागा रिकामी होती, माणूस नंतर भरला. माझ्या मते तो पोचला नसता तर तिसरा कुणीतरी पोचला असता.

---

मैनावती

तळटीप यांच्याशी अर्धवट सहमत. जागा रिकामी होती हे खरं, पण फिलिप टिकला नाही आणि हा टिकला. कुणीही चाललं असतं असं नाही.

---

पांढरा कोट

रक्ताच्या आजारांशी रोजचा संबंध आहे म्हणून थोडं लिहिते.

२००९मध्ये रोमानोव्हांच्या अवशेषांवरच्या डीएनए तपासणीतून ठरलं की हा हिमोफिलिया बी होता, म्हणजे गोठण घटक ९ची उणीव. जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक असली तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. अलेक्झांड्राची आजी ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया, तिच्याकडून हा धागा (हा वेगळा धागा!) युरोपभरच्या राजघराण्यांत गेला. अलेक्झांड्राचा एक भाऊ लहानपणी याच आजाराने गेला होता. म्हणजे या बाईला नेमकं माहीत होतं की पुढे काय वाढून ठेवलंय, आणि हे आपल्याकडूनच मुलाला आलंय.

लोकांना वाटतं हिमोफिलिया म्हणजे बोट कापलं की माणूस संपला. तसं नसतं. खरा छळ आतल्या रक्तस्रावाचा. गुडघा, घोटा, मांडीचे स्नायू. रक्त साठत जातं, सांधा टणक होतो, पाय पोटाशी आखडतो, वेदना भयंकर. तेव्हा बाहेरून देण्यासारखा गोठण घटक नव्हता. राजवैद्यांच्या हाती वाट बघण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आता ती तार. कोंडलेल्या जागेत रक्त साठलं की दाबाने स्राव मंदावू शकतो आणि पुष्कळदा आपोआप थांबतो. अशा वेळी दर तासाला सूज दाबून बघणारे चार वैद्य नुकसानच करणार. 'डॉक्टरांना छळू देऊ नका' हा सल्ला त्याने कशाच्या जोरावर दिला ते देव जाणे, पण सल्ला म्हणून वाईट नव्हता. आई शांत झाली की मूल शांत होतं, हलायचं थांबतं, झोपतं. हेही कमी नाही.

---

आडगल्ली

कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) फिरतंय की डॉक्टर त्याला ॲस्पिरिन देत होते आणि रास्पुतिनने ते बंद केलं म्हणून पोरगं वाचलं. खरं का?

---

पांढरा कोट

तर्क आकर्षक आहे, एवढंच. ॲस्पिरिन १८९९पासून बाजारात होतं आणि ते रक्त गोठण्यात अडथळा आणतं हे डॉक्टरांना बऱ्याच उशिरा कळलं, हे दोन्ही खरं. अलेक्सेईला ते दिलं आणि रास्पुतिनने थांबवलं, ही पुढची उडी लोकांनी मारलेली आहे. तार आणि थांबलेला स्राव समजून घ्यायला तिची गरजही नाही.

---

सरळरेषा

राजकारणाचं बोलू. रास्पुतिन राज्य चालवत होता म्हणणाऱ्यांनी १९१४ बघावं. १२ जुलैला पोक्रोव्स्कोयेत खिओनिया गुसेवा नावाच्या बाईने त्याच्या पोटात सुरा खुपसला. महायुद्ध पेटत होतं तेव्हा हा त्युमेनच्या इस्पितळात खाटेवर. तिथून त्याने झारला पत्र लिहिलं की युद्धात पडू नका, रशिया रक्तात आणि अश्रूंत बुडेल. झारने ऐकलं? नाही. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा सल्ला, आणि तोच वाया गेला.

खरा फरक पडला सप्टेंबर १९१५मध्ये. निकोलसने सैन्याची कमान स्वतःकडे घेतली आणि तो आघाडीजवळ मोगिल्योव्हला जाऊन बसला. राजधानीतला कारभार बघायला राणी. तिची नवऱ्याला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत, इंग्रजीत. 'आपले मित्र' (म्हणजे रास्पुतिन) असं म्हणतात, 'आपल्या मित्रांना' असं वाटतं, पानोपानी हेच. एका पत्रात तर बजावलंय की मंत्र्यांना भेटण्याआधी त्यांच्या कंगव्याने केस विंचरायला विसरू नकोस! मोगिल्योव्हच्या मुख्यालयात, लाखो सैनिकांचा सरसेनापती, खिशात सैबेरियन बुवाचा कंगवा.

पुढच्या दीड वर्षात पंतप्रधान चार. गोरेमिकिन, श्ट्युर्मर, ट्रेपोव्ह, गोलित्सिन. गृहमंत्री तर त्याहून वेगाने बदलले. रेल्वे कोलमडलेली, शहरांत पावाची टंचाई, आणि एकही मंत्री खात्याच्या फायली समजून घेण्याइतका टिकत नाही.

---

खडूस मास्तर

आता आलात मुद्द्यावर. हे मंत्री कुणाच्या शिफारशीने आले?

---

सरळरेषा

काही त्याच्या, काही राणीच्या, काही स्वतः झारच्या, आणि बरेचसे तिघांच्या खिचडीतून. अलेक्सेई ख्वोस्तोव्हचं उदाहरण घ्या. रास्पुतिनला चुचकारून गृहमंत्री झाला. झाल्यावर काही महिन्यांतच त्याच रास्पुतिनला मारायचा कट रचू लागला. खुद्द गृहमंत्री! कट फुटला तो त्याचाच सहकारी बेलेत्स्कीमुळे. गेला घरी. उलट ट्रेपोव्ह पंतप्रधान झाला तेव्हा त्याने रास्पुतिनला राजकारणातून बाहेर ठेवण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली, ती यानेच धुडकावली. पैशाला भुलणारा भोंदू एवढंच चित्र रंगवलं तर हे बसत नाही. मोठेपणाची चटक पैशापेक्षा जबर असावी.

मला विचाराल तर त्याची स्वतःची अशी काही धोरणं नव्हतीच. राणीच्या मनात आधीच जे असायचं ते तो देवाच्या नावाने परत तिच्या हातात ठेवायचा. ते ओळखण्याची अक्कल मात्र जबरदस्त.

---

मैनावती

+१, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

राणीबद्दल लिहायचं आहे. जन्माने जर्मन, स्वभावाने बुजरी, दरबारी बायकांना घुमी वाटणारी. मुलाचं दुखणं लपवायचं म्हणून समारंभ टाळायची, आणि लोक म्हणायचे गर्विष्ठ आहे. १९१२मध्ये तिचं रास्पुतिनला लिहिलेलं पत्र नकला होऊन राजधानीत हातोहात फिरलं. 'तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपावं' अशा तऱ्हेची भक्तीची भाषा. भक्त गुरूला लिहितो तसं ते आहे. पण ज्याला मुलाचा आजार माहीत नाही, तो त्यातून काय अर्थ काढणार?

युद्धात तर कहर झाला. १४ नोव्हेंबर १९१६ला डूमात, म्हणजे रशियाच्या संसदेत, विरोधी नेते मिल्युकोव्ह यांनी सरकारच्या एकेका चुकीनंतर विचारलं, हा मूर्खपणा की फितुरी? भाषण छापायला बंदी, म्हणून टंकलिखित प्रती आघाडीपर्यंत गेल्या. क्रांतीनंतर हंगामी सरकारने चौकशी आयोग बसवला. राणीची जिवलग मैत्रीण आन्ना विरुबोवा हिच्याबद्दल काय काय गलिच्छ लिहिलं जात होतं. आयोगाने तिची वैद्यकीय तपासणी करायला लावली आणि ती कुमारिका निघाली. राणी हेर असल्याचा पुरावाही सापडला नाही. तोवर कुणाला पडलं होतं म्हणा.

---

आडगल्ली

एवढं सगळं झालं, पण खुनाचं कुणीच बोलेना. विष पचवलं, गोळ्या पचवल्या, शेवटी नदीत बुडून मेला. हे तरी खरं असू द्या रे!

---

तळटीप

निराशा करतो. :)

२९-३० डिसेंबर १९१६ची रात्र, मोइका कालव्याकाठचा युसुपोव्हांचा वाडा. यजमान फेलिक्स युसुपोव्ह, झारच्या भाचीचा नवरा. सोबत झारचा चुलतभाऊ द्मित्री पाव्लोविच आणि डूमातला कट्टर राजनिष्ठ सदस्य पुरिश्केविच. तिघांपैकी एकही क्रांतिकारक नाही, बुवाला मारून राजा वाचवायचा हा त्यांचा हिशोब. विषाच्या केकची आणि मदिरेची सुरस कथा मुख्यतः युसुपोव्हच्या स्वतःच्या तोंडची आहे, आणि त्याला सैतानाचा वध केलेला वीर म्हणून मिरवायचं होतं. रास्पुतिनची मुलगी तर म्हणायची, बाबा गोड खातच नसत. शव १ जानेवारीला मालाया नेव्का नदीतून काढलं. कपाळात जवळून झाडलेली गोळी होती. तेवढ्यावर कुणीही मरतो.

अवांतर: हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने या प्रकरणावर चित्रपट काढला, तेव्हा युसुपोव्हची बायको इरिना हिने लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यातलं बुवाच्या तावडीत सापडणारं पात्र आपल्यावरून घेतलंय, असं तिचं म्हणणं. १९३४मध्ये ती जिंकली, भरपाई २५,००० पौंड. चित्रपटांत 'सर्व पात्रे काल्पनिक' ही पाटी झळकू लागली त्यात या खटल्याचा मोठा हात आहे.

---

दौत-टाक

खुनानंतरचं बघा म्हणजे माझा मुद्दा पटेल. बुवा गेला, आणि बदललं काय? त्याच्या मर्जीतला म्हणून बदनाम असलेला गृहमंत्री प्रोतोपोपोव्ह खुर्चीवरच राहिला. राजाराणी आणखी एकटी पडली. पावाच्या रांगा तेवढ्याच. खुनानंतर अडीच महिन्यांत, १५ मार्च १९१७ला, निकोलसने गादी सोडली. रास्पुतिन सगळ्याचं मूळ असता तर त्याच्या मरणाने थोडी तरी उसंत मिळाली असती.

---

खडूस मास्तर

उशीर झाला होता एवढंच त्यातून सिद्ध होतं. पण ते राहू द्या. तुमच्या मूळ मुद्द्यावर प्रश्न आहे. आजार सांगून टाकायला काय हरकत होती? लोकांनी सहानुभूतीच दाखवली असती. १९१३मध्ये घराण्याच्या त्रिशताब्दीच्या मिरवणुकीत युवराजाला उचलून नेताना अख्ख्या जनतेने पाहिलंच की.

---

मैनावती

उचलून नेताना पाहिलं, म्हणूनच तर कुजबूज वाढली. कारण कुणी सांगितलंच नाही.

सांगायची पंचाईत अशी की गादीचा कायदा पॉल झारच्या काळचा, १७९७चा. घराण्यात पुरुष वारस शिल्लक असेतो बायकांना गादी नाही. चार मुली असून उपयोग शून्य. अलेक्सेईनंतर निकोलसचा धाकटा भाऊ मिखाईल. युवराज जगेल याची खात्री नाही असं जाहीर करणं म्हणजे सगळा दरबार मिखाईलच्या दाराशी नेऊन बसवणं.

आणि मिखाईलने काय करावं? स्पालाच्या त्याच दिवसांत, १९१२च्या ऑक्टोबरअखेर, त्याने व्हिएन्नात घटस्फोटित नताल्याशी गुपचूप लग्न लावलं. आईला पत्रात लिहिलं की अलेक्सेईच्या आजारपणामुळे घाई केली. पोर गेलं असतं तर हा वारस झाला असता, आणि मग असं लग्न कुणी करू दिलं नसतं.

---

सरळरेषा

भारी माहिती! मग १९१७मध्ये गादी त्याच मिखाईलला का दिली?

---

दौत-टाक

त्यातही तो आजारच आहे. प्स्कोव्हला रेल्वेच्या डब्यात निकोलसने आधी अलेक्सेईच्या नावे गादी सोडायची तयारी दाखवली. मग राजवैद्य फ्योदोरोव्ह यांना एकांतात विचारलं, मुलगा बरा होईल का? ते म्हणाले, या आजारावर इलाज नाही. गादी सोडलेल्या बापाला मुलाजवळ राहू देतील अशी आशाही त्यांनी दाखवली नाही. संध्याकाळी डूमाचे प्रतिनिधी पोचेपर्यंत निकोलसचा बेत बदलला होता. स्वतःसाठी आणि मुलासाठीही गादी सोडली आणि ती भावाला दिली. भावाने दुसऱ्या दिवशी ती घेतली नाही, आणि तीनशे वर्षांचं घराणं संपलं.

मास्तर, त्या राजीनाम्याच्या कागदात कारण काय दिलंय माहीत आहे? लाडक्या मुलापासून दूर व्हायची इच्छा नाही, म्हणून. आजाराचा शब्द त्यातही नाही.